आधी उलटवा, मग उचला

मित्रांनो, मी एक जुनी, वाकडी लाकडी पट्टी आहे. हसू नका! माझा वाकडेपणा मोजूनमापून केलेला आहे. दोनच्या घातांचा आलेख आहे मी. उजवीकडे एक घर सरकलं की उंची दुप्पट, डावीकडे सरकलं की निम्मी. माझी शेपटी आडव्या अक्षाच्या जवळ जवळ जाते, पण टेकत काही नाही. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही.

नागपूरच्या वाडीत, ट्रकांच्या गोदामांशेजारच्या मुलींच्या शाळेत प्रेमिलाबाई गणित शिकवायच्या. त्यांच्या वडिलांनी, बाबारावांनी, १९७८ साली चहाच्या खोक्याच्या फळीतून मला कापलं. एक तोंड निळं रंगवलं, दुसरं लाल. म्हणाले, "घे वं प्रेमिला. हिले उलटव, सरकव. पोरी इसरनार नाहीत."

काय दिवस होते ते! फळ्यावर दोन्ही अक्ष तैलरंगाने रंगवलेले. उभ्या अक्षाभोवती उलटवलं की मी डावीकडे चढायची, आडव्या अक्षाभोवती उलटवलं की खाली डोकं करून कोसळायची. दिवसभर नुसती धावाधाव. बाईंची नोकरी मात्र तात्पुरती होती. त्यांना ठेवायचं की काढायचं, हे एका तासावर ठरणार होतं. तो तास बघायला मधुकरराव नावाचे तपासनीस आले आणि मागच्या बाकावर बसले.

गणित होतं 'तीन वजा दोनचा क्ष घात'. घाईघाईत त्यांनी मला आधी तीन घरं वर उचललं, आणि मग रोजच्या सवयीने त्या रंगवलेल्या आडव्या अक्षाभोवती उलटवलं. झालं! मी थेट फळ्याच्या तळाशी. अहो बाई, इथे नाही, वर! पण दोन तोंडं असून मला बोलता येईना.

तेवढ्यात, एरवी मान वर न करणारी शामला उठली. "मॅडम, हे खाली काहून गेलं? क्षच्या जागी शून्य ठेवलं तर दोन येते. इथं तर वजा चार आहे."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी एकदा मधुकररावांकडे पाहिलं. फळा पुसून मोकळं होता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "माझं चुकलं, शामला. मी आधी उचललं, म्हणून ते अधिक तीनही उलटून वजा तीन झाले. ये, तूच कर."

शामलाने मला अक्षावर परत आणलं, उलटवलं, मग तीन घरं उचललं. उभ्या अक्षाला मी बरोबर दोनवर छेदलं. मुली एकदम म्हणाल्या, "अच्छाऽऽ!" मला तर नाचावंसं वाटलं.

मधुकरराव उठले. "बाई, तुमच्या वर्गात पोरी विचारतात. मला आणखी काही बघायचं नाही." बाई कायम झाल्या.

पुढे बाई खापरखेड्याच्या शाळेत गेल्या. इथे वाडीत छापील तक्ते आले आणि मला कुणीतरी खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत कोंबलं. ट्रक गेला की धूळ बसते, ओलीने अंग फुगलंय. तेही सोसलं असतं. पण काल नव्या सरांनी फळ्यावर खडूने तेच गणित घेतलं. आधी उचललं, मग उलटवलं. आलेख तळाशी! मुलींनी मुकाट्याने उतरवून घेतला. एकीनेही 'काहून' विचारलं नाही. कालपासून माझा जीव नुसता तळमळतोय.

मित्रांनो, मला पुसून कपाटात ठेवू नका, पाया पडायला म्हणून कोपऱ्यातही उभी करू नका. या फटीतून काढा आणि त्या मुलींच्या हातात द्या. तासाची घंटा होतेय, लवकर! आणि एवढं लक्षात ठेवा: आधी मला उलटवा, मग उचला.