बाराव्या मिनिटाचा ठिपका

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सात लिहिलं आहे, तेच माझं नाव. आलेख काढणारा एक जुना कॅल्क्युलेटर, एवढीच माझी ओळख. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही वीस भावंडं आलो, तेव्हा मुलं हात धुऊन आम्हाला धरत. नव्याची नवलाई ओसरली आणि बटणांच्या फटीत खोडरबराचा चुरा साचू लागला.

काम सोपं होतं. मुलं आकडे भरत, मी ठिपके मांडून त्यांना जुळेल अशी रेषा काढत असे. खऱ्याखोट्याशी मला देणंघेणं नव्हतं.

एक मुलगी मात्र लक्षात राहिली. तिने एकदा प्रयोग न करताच घरून आकडे लिहून आणले होते. तेव्हापासून वर्ग तिला थापाडी म्हणे. पुन्हा असं झालं तर प्रयोगाला बसू देणार नाही, असं विज्ञानाच्या बाईंनी बजावलं होतं.

त्या दिवशी पेल्यातलं गरम पाणी कसं निवतं ते मोजायचं होतं. दर दोन मिनिटांनी ती तापमान वाची आणि तिची मैत्रीण ते माझ्यात भरी. ठिपके शहाण्यासारखे हळूहळू उतरत होते. शेवटचा, बाराव्या मिनिटाचा, एकदम खाली घसरला.

"काढून टाक तो," मैत्रीण म्हणाली. "बाईंना वाटेल, परत मनानेच लिहिलंस."

मुलीने तो पुसला. माझी रेषा सुरेख आली. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत बसली आणि मग तोच आकडा पुन्हा भरला. रेषा बिघडली.

बाई आल्या. "हे काय?"

"माहीत नाही, बाई. पण मी एवढंच वाचलं."

बाईंनी पेला उचलला. खालचं फडकं ओलंचिंब होतं. पेल्याला तळाशी बारीक, जुनाच तडा होता. पाणी झिरपून तापमापीचं टोक उघडं पडलं होतं.

"सकाळी दोन तुकड्यांनी याच पेल्यात प्रयोग केला," बाई म्हणाल्या. "तरी दोन्ही तुकड्यांच्या रेषा सुरेख होत्या." मग त्यांनी तिच्या वहीवर सही केली. "उद्या ते सगळे परत मोजतील. तापमान तू वाचायचंस."

त्या दोन्ही रेषा मीच काढल्या होत्या, मित्रांनो. आयुष्यात तेवढं एकदाच मला लाज वाटली.

आता मी कपाटात असतो. सेल काढून ठेवले आहेत; अधूनमधून धूळ पुसलीत, तरी पुष्कळ झालं. फक्त माझ्यासारख्याची रेषा फार सुरेख आली, तर एकदा पेला उचलून बघा.