पुसून आणलेलं घड्याळ

तसं पाहिलं तर भिंगकाकांचं काम एका प्रश्नाचं होतं. सकाळी दुकानाची जाळी वर गेली की काचेमागच्या उंच स्टुलावर चढून बसायचं. समोर माणूस आला, त्याने पिशवीतून वस्तू काढून ठेवली, की वस्तूकडे न बघता विचारायचं, "किती हवेत?"

बस्स. पुढचं सगळं गिऱ्हाईक आपलं आपणच करतं.

आकडा आधी आपण बोलायचा नाही, ही गहाणाच्या दुकानातली पहिली शिकवण. माणूस घरातून निघतो तेव्हा त्याला दहा हवे असतात. रस्त्यात त्याचे आठ होतात. काचेसमोर उभा राहिला, मागची रांग खोकायला लागली, की त्याच्या तोंडून सहा निघतात. दुकान नऊ द्यायला तयार असलं तरी आता कशाला देईल? भिंगकाका सहा ऐकायचे, मग कुठे वस्तू हातात घ्यायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि एकेक खोड सांगायला लागायचे. कड उडालीय. बटण ढिलं आहे. हा सांधा कुणीतरी घरीच चिकटवलाय. सांगायचं तेही हळू आवाजात, नातेवाईकाची तब्येत बघायला आल्यासारखं. शेवटी साडेचारवर मिटायचं, आणि गिऱ्हाईक वर आभार मानून जायचं!

लोकांना वाटतं, हे दुकान कपाटातल्या विक्रीवर चालतं. कसलं काय! कुणी वस्तू सोडवायला आलं नाही, की ती तिप्पट भावाने कपाटात जायची हे खरं, पण ती वरकमाई. खरी कमाई येण्याजाण्यात. गल्लीच्या टोकाला एक वायरमन राहायचा. त्याचं ड्रिल महिनाअखेरीला दुकानात यायचं आणि काम मिळालं की व्याज भरून परत जायचं. त्या ड्रिलच्या किमतीएवढं व्याज त्याने कधीच भरून टाकलं होतं, पण हे त्याला कोण सांगणार? दुकानाच्या मालकीणबाई त्याला दारातून येताना बघितलं की म्हणायच्या, "आला गं बाई माझा कमावता मुलगा!" वायरमनलाही हसू यायचं. भिंगकाकांना मात्र हल्ली येईनासं झालं होतं.

ते दमले होते. कामाने नव्हे, बसून काय दमायचं? पण संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोने ताट पुढे ठेवलं तरी त्यांना आधी ताटाची उडालेली कड दिसायची. लग्नाला गेले की नवरीच्या गळ्यातलं कितीला जाईल, तो आकडा डोक्यात येऊन उभा राहायचा. माणसं बघायची ताकदच संपल्यासारखी झाली होती.

एक गोष्ट मात्र ते अजून बघायचे. वस्तू पुसून आणलीय का. धुळीसकट आणलेली वस्तू म्हणजे माणूस तिच्यावर पाणी सोडून आलाय. पुसून, फडक्यात गुंडाळून आणलेली वस्तू म्हणजे तिच्यात त्याचा जीव आहे, तो पोटाला चिमटा काढून व्याज भरेल आणि सोडवायला येईलच. तिच्यावर थोडे जास्त द्यायला हरकत नसते. मालकीणबाईंनी हे त्यांच्याकडूनच शिकून घेतलं होतं.

त्या दिवशी दुपारी रांग नेहमीचीच होती. कुणाचा कॅमेरा, कुणाची गिटार, कुणाचं शिलाईचं मशीन. भिंगकाका मान खाली घालून पावत्या फाडत होते. काचेखालच्या फटीतून एक रुमाल आत सरकला. स्वच्छ, घडी घातलेला. त्यात मनगटी घड्याळ होतं, काच लखलखीत पुसलेली.

"किती हवेत?" भिंगकाकांनी विचारलं.

त्यांनी वर बघितलं. काचेपलीकडे त्यांची लेक उभी होती.

"खारू? तू इथे? अगं, रांगेत कशाला उभी राहिलीस? घरी यायचं ना!"

लहानपणी सगळं लपवून ठेवायची, बिस्किटाचा तुकडासुद्धा उशीखाली, म्हणून घरात तिला खारू म्हणायचे. आता ती स्वतः एका पोराची आई होती. केस विंचरलेले, साधे कपडे, चेहऱ्यावर मात्र दोन रात्री न झोपल्याची कळा.

"घरी आले असते तर मागितल्यासारखं झालं असतं, बाबा," ती म्हणाली. "इथे निदान काहीतरी ठेवून नेते."

"पण झालंय काय?"

तिने मागच्या रांगेकडे बघून आवाज खाली आणला. "यांचा हात मशीनमध्ये सापडला. काम सुटलंय. भाडं थकलं, तर घरमालकाने सकाळी खोलीला कुलूप लावलं. सामान सगळं आत. बाळ शेजारणीकडे आहे. संध्याकाळपर्यंत पैसे भरले तर उघडतो म्हणाला."

जावयाचा हात कधी सापडला? परवा-परवा तर ती जेवायला येऊन गेली होती. सगळं छान चाललंय म्हणाली होती. मनगटावर हेच घड्याळ होतं.

आणि घड्याळ तरी काय! तिला पहिली नोकरी लागली तेव्हा त्यांनीच दिलेलं. "नवं कोरं आहे, जपून वापर," असं सांगून. खोटं. न सोडवलेल्या वस्तूंच्या फळीवरून, कामगाराला मिळतं तसं स्वस्तात उचललेलं. पट्टा नवा लावला, कपाटातला एक रिकामा डबा जुळवला आणि दिलं. घरातलं काय तिथून आलं नव्हतं? तिची सायकल, बायकोची इस्त्री, भिंतीवरचा आरसा. पण घड्याळ देताना मात्र त्यांना ते खरोखर नवं असावंसं वाटलं होतं.

"सांग ना," ते म्हणाले, "किती हवेत?"

दुसऱ्यांदा विचारलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं, की आपण कुठल्या आवाजात विचारलं ते.

खारूलाही कळलं. का कळणार नाही? लहान असताना ती रोज हाच खेळ खेळायची. कंपासपेटी घेऊन यायची, ते स्टुलावर बसल्याचं सोंग करून विचारायचे, "किती हवेत?" आणि ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "तुम्ही सांगा!" मग दोघांची अळीमिळी गुपचिळी. जो आधी आकडा बोलेल तो हरला. नेहमी तेच हरायचे. मुद्दाम.

"तुम्ही सांगा," खारू म्हणाली. कंबरेवर हात नव्हते. दोन्ही हातांनी काचेची कड घट्ट धरलेली होती.

रांगेत कुणीतरी च्यक् केलं. वेळ काढायला म्हणून भिंगकाकांनी घड्याळ उचललं, कानाला लावलं. टिकटिक नव्हती. बंद पडलेलं. मग सवयीने मागचं झाकण उघडलं आणि भिंग लावलं.

गहाण आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून, सुईच्या टोकाने, दुकानवाला आपल्या पावतीचा आकडा कोरून ठेवतो. घड्याळ बदललं अशी तक्रार नको म्हणून. बारीक, मुंगीच्या पायासारखा. त्यांनी स्वतः कोरलेला जुना आकडा तिथे होताच. पण त्याच्याखाली आणखी तीन आकडे होते. हात वेगळा. दुकान वेगळं.

त्यांनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. तीनच होते.

"पलीकडच्या बाजारातलं दुकान," खारू म्हणाली. ती त्यांच्या हाताकडेच बघत होती. "पहिल्यांदा गेले तेव्हाच त्याने झाकण उघडून दाखवलं मला. म्हणाला, ताई, हे आधीच कुणाचं तरी बुडालेलं आहे, ह्याचे फार येणार नाहीत."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग सोडवलंस कशाला? तीन-तीनदा? एवढ्या व्याजात दुसरं आलं असतं, खुळे!"

"तुमच्याकडे जेवायला यायचं असायचं ना," ती म्हणाली. "तुमचं लक्ष आधी मनगटाकडे जातं."

भिंगकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर दर खेपेला व्याज भरून त्यांचंच खोटं सोडवून आणत होती, आणि ते पानावर बसून तिला विचारत होते, काय गं, सगळं ठीक ना? आणि ती मनगट पुढे करून वाढून घेत होती.

"आता तोही घेत नाही," खारू म्हणाली. "बंद पडलंय म्हणून."

बंद घड्याळ, चार आकडे कोरलेलं झाकण, घासलेली कड. कपाटात ठेवलं तर कुणी हात लावणार नाही. पुसून आणलं होतं तेवढीच काय ती त्याची किंमत. भिंगकाकांनी श्वास घेतला. या स्टुलावर बसल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"बारा हजार," ते म्हणाले.

मागे खुर्ची सरकली. मालकीणबाई उठून आल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, पोरीकडे बघितलं. "भिंगकाका, डोळे तपासून घ्या. बारा? ह्याला मी बाराशे दिले तर माझे नातेवाईक मला दवाखान्यात घालतील."

"माझ्या पगारातून कापा."

"व्याज?"

"लावा."

"घरचं माणूस म्हणून सूट मिळायची नाही हं. सांगून ठेवते."

"कुणी मागितलीय?" भिंगकाका खेकसले. बाई काही वाईट नव्हती. दुकान चालवत होती. मालकीणबाईंनी गल्ल्याची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली आणि मागे जाऊन बसल्या.

"एवढे नकोत, बाबा," खारू घाईने म्हणाली. "पगारातून कशाला? आईची औषधं असतात. चार द्या. चार पुरेत."

"नक्की?"

"हो, हो. पुरेत."

आणि लाज वाटायची गोष्ट अशी, की भिंगकाकांना बरं वाटलं. मुद्दाम नव्हे, पण वाटलं. बाराचे चार झाले, आठ वाचले, म्हणून छातीत रोज जो छोटासा गोड चटका लागायचा, तो लागला. बोटांनी आपोआप चार मोजले. पावती फाडली. घड्याळ रुमालासकट मागच्या खणात ठेवलं. खारूने पैसे घेतले, "येते," म्हणाली, आणि गेली.

पुढची बाई आली. तिने इस्त्री ठेवली. भिंगकाकांनी विचारायच्या आधीच ती बोलली, "दोनशे द्या, दादा. तेवढे पुरेत मला."

पुरेत.

भिंगकाकांचा हात इस्त्रीवर तसाच राहिला. उभ्या जन्मात या काचेसमोर कुणी म्हटलं नव्हतं का, की पुरेत? सगळेच म्हणायचे. ड्रिलवाला म्हणायचा, गिटारवाला म्हणायचा. कुणाला पुरले होते ते? माणूस इथे गरजेपेक्षा कमीच मागतो, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक होतं? त्यावरच तर त्यांची चूल पेटत आली होती. आणि आज स्वतःच्या पोरीचे शब्द त्यांनी खरे धरले, गिऱ्हाइकाचे धरतात तसे. सोयीचे होते म्हणून.

"अहो, दोनशे..." बाई म्हणाली.

"तुम्हाला किती लागतात ते ह्या मालकीणबाईंना खरं सांगा," असं म्हणून भिंगकाका स्टुलावरून उतरले. गुडघ्यातून कळ आली. मालकीणबाई मागून काहीतरी ओरडल्या, ते त्यांनी ऐकलं नाही. कामाच्या वेळात ते कधी काचेच्या बाहेरच्या बाजूला आले नव्हते. दार ढकलताना ते आत उघडतं की बाहेर, हेसुद्धा त्यांना पटकन आठवेना.

ती गेली नव्हती. दुकानाच्या पायरीवरच उभी होती, दाराकडे पाठ करून. एका हातात नोटा आणि दुसऱ्या हाताच्या पेरांवरून अंगठा फिरत होता. ओठ हलत होते. घरमालकाला इतके दिले, त्याचे पाय धरले, उरलेल्याला मुदत मागितली, तर... अशी पाठमोरी माणसं त्यांनी काचेतून रोज बघितली होती. प्रत्येक गिऱ्हाईक त्या पायरीवर क्षणभर थांबतंच. त्यांना वाटायचं, पैसे खिशात नीट ठेवत असतील.

"खारू."

ती दचकली. नोटा पदराआड गेल्या. "काय झालं? पावती राहिली का?"

भिंगकाका तिच्याजवळ पायरीवर उतरले. तिच्या मनगटावर घड्याळाच्या जागी फिकट पट्टा उमटलेला होता. त्यांनी तो हात हातात घेतला.

"किती कमी पडतात?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाच विचारला नव्हता. खारूने मान फिरवली.

"काही नाही. भागवते मी."

"किती?"

"आठ," ती म्हणाली. आणि लगेच, "सात मिळाले तरी चालेल. सहासुद्धा, मी त्यांना सांगेन की..."

"अगं, मी कुठे अजून एकही खोड काढलीय?" भिंगकाका म्हणाले. "तूच का खाली येतेयस?"

रस्त्यावरून माणसं जात होती. आतून कुणीतरी काचेवर टकटक केली. खारूने डोळे पुसले, त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"आठ," ती म्हणाली, आणि या वेळी खाली आली नाही.