नवाटोल्याची शिरगणती

नवाटोला नावालाच नवा. पवनीच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावरचं हे गाव कोणत्या पिढीत नवं होतं, ते आता कोणाला सांगता येत नाही. त्याच्याआधीचं गाव खाली होतं, अगदी नदीला चिकटून. आज तिथे चिंचेची झाडं आणि फुटक्या जात्यांच्या तळ्या तेवढ्या उरल्यात. त्या जागेला रिठ म्हणतात आणि गुरं सोडली तर तिकडे कोणी फिरकत नाही. खालचं गाव का उठलं हे मात्र शेंबडं पोरही सांगेल. गोऱ्या साहेबाच्या राज्यात घोड्यावर बसून कारकून आला, त्यानं दारोदार माणसं मोजली, आणि त्याची पाठ फिरते न फिरते तोच मानमोडीचा ताप आला. सकाळी ज्यानं दुसऱ्याला खांदा दिला, त्यालाच संध्याकाळी उचलावं लागलं. शेवटी उचलायलाही माणूस उरेना. जे वाचले ते वर येऊन राहिले. आता कारकून कधी आला नि ताप कधी, मधे किती पावसाळे गेले, हे विचारू नका. गावाला एवढंच ठाऊक, की मोजलं की घटतं.

म्हणून खळ्यावर धान मापताना इथे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. कोणी लेकरांकडे बोट करून मोजायला लागला, तर आया त्याचा हात खाली ओढतात. शिकलेल्यांनी खुशाल हसावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

धनीरामच्या रुखमाचं तीनदा जळलं होतं. पहिला मुलगा तापानं गेला, दुसरा हगवणीनं, आणि तिसरीनं तर डोळेही धड उघडले नाहीत. आणीबाणीच्या साली चौथी मुलगी झाली, तेव्हा सुईणीनं तिला न्हाऊही घातलं नाही. सुपात कोंडा पसरला, त्यावर पोर निजवली आणि सूप नेऊन शेजारच्या कौशल्याबाईच्या दारात ठेवलं. कौशल्याबाईची सगळी लेकरं जगलेली. असल्या कामाला अशीच भरल्या घरची बाई लागते. तिनं ओंजळभर कोदोचं धान्य देऊन पोर विकत घेतली, आणि मग माझी लेक जरा सांभाळ बाई, असं म्हणून रुखमाच्याच मांडीवर आणून ठेवली. नाव ठेवलं कचरा. उकिरड्यावरच्या वस्तूला कोणी हात लावत नाही, यमानंही लावू नये, एवढाच त्यातला अर्थ.

तेव्हापासून रुखमा तिची आई राहिली नाही. दूध तिनं पाजलं, गू-मूत तिनं काढलं, रात्री कुशीत तिनं घेतलं; पण पोर कौशल्याबाईला माय म्हणायची आणि रुखमाला मावशी. लग्नाच्या दिवशी कोदो परत करून सोडवून आणायची, तोवर हे असंच. मुलीच्या जातीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं बायका म्हणायच्या. रुखमा त्यांच्या तोंडी लागत नसे. जिवंत ते जिवंत, मग ते काही का असेना. आणि एक नियम तिनं काटेकोर पाळला होता. ग्रहण असो, ताप असो, वीज कडाडो, कचराला उचलायचं आणि कौशल्याबाईच्या घरात नेऊन टाकायचं. मृत्यू आला तर आपल्या घरी येणार आणि रिकाम्या हातानं जाणार, असा तिचा साधा हिशोब.

एक्क्याऐंशीच्या साली उन्हं तापायच्या आधी कोंढ्याचे श्यामराव मास्तर शिरगणतीला आले. ओट्यावर बसून त्यांनी रुखमाला विचारलं, लेकरं किती. कचरा समोरच कोंबडीच्या मागे पळत होती. रुखमा म्हणाली, काहीच नाही. मास्तर शेजारी गेले, तर कौशल्याबाईनं आपल्या पोटची तेवढी सांगितली. दुसऱ्याची पोर आपली म्हणून सरकारला सांगायची तर तिला पापाचं भय. अशी ती पोर दोन घरांच्या मधे राहून गेली. रुखमाला त्याचं वाईट वाटलं म्हणता? छे. त्या रात्री ती कधी नव्हे ती गाढ झोपली. सरकारला जी दिसली नाही ती यमाला काय दिसणार, असं तिला वाटलं.

त्याच वर्षी भादव्यात पाणी आलं. गावात पाऊस नव्हता, उलट ऊन पडलं होतं, आणि म्हणूनच कोणी सावध झालं नाही. पाऊस पडत होता तो वर, बालाघाटकडे. दुपारी बायका नदीकडे बघत होत्या आणि पाणी शिरलं मागून, नाल्यातून. नदीनं नाल्याचं पाणी उलटं ढकललं होतं. आवाज नाही, काही नाही. शेताच्या बांधीतलं धान बघता बघता दिसेनासं झालं आणि गढूळ पाणी गल्लीत चालत आलं. गोमाजी ढिवरानं मासेमारीचा डोंगा काढला. जुना, रुंद डोंगा. चार-सहा माणसं एका वेळी बसवून तो तलावाच्या पाळीवर नेऊन सोडू लागला, कारण पाळ तेवढी उंच होती. सेवकराम कोतवाल कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून घराघराला विचारून माणसं चढवत होता.

रुखमानं काय केलं? जे सहा वर्षं करत आली तेच. संकट आलं, पोर तिकडे. धनीराम बैलांचे दोर सोडत होता, पाणी उंबऱ्याशी होतं, आणि तिनं परसातून कचराला शेजारी पिटाळलं. मायच्या घरी जा, माळ्यावर चढून बस, माय नेईल तुला, तोवर हलायचं नाही, असं तिला बजावलं. पोर उड्या मारत गेली. कौशल्याबाईची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून ते घर पहिल्याच खेपेला निघून गेलं होतं. पुढच्या दारानं गेले, परसातून दिसणार कसे? कोतवालानं त्यांना विचारलं होतं, आणि कौशल्याबाई म्हणाली होती, सारे आले.

मग शेवटच्या खेपेला तो रुखमाच्या दारात आला. घरचं कोणी राहिलं का, त्यानं विचारलं. आम्ही दोघंच, असं रुखमा म्हणाली. हे काही ती विचार करून म्हणाली नाही. जिभेला वळणच तसं पडलं होतं. कोतवालानं मान हलवली आणि डोंगा निघाला.

पाळीवर उतरल्यावर तिनं आधी कौशल्याबाईला शोधलं. ती ऊन लागू नये म्हणून सासूवर पोतं धरून बसली होती, लेकरं भोवती. रुखमानं एकेका तोंडाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. कौशल्याबाई तिच्याकडे बघत होती.

"कचरा तुह्यासंगं नाही?" कौशल्याबाईनं विचारलं.

रुखमानं नुसतं गावाकडे बोट केलं. तिकडे छपरं तेवढी पाण्यावर दिसत होती, आणि मधून मधून एखादी मातीची भिंत बसल्याचा धप्प असा आवाज येत होता.

धनीराम पाण्यात धावला, त्याला दोघांनी धरून मागे ओढलं. त्याला पोहता येत नव्हतं. सगळे गोमाजीकडे बघू लागले. ऊन कललं होतं, धार वाढली होती, आणि गोमाजीची बायको डोंग्याचा दोर दोन्ही हातांनी धरून उभी होती. तुलाही लेकरं आहेत, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती काही चुकीचं म्हणत नव्हती.

गोमाजी नाही म्हणाला नाही. पण ढिवरांची एक रीत आहे. भरल्या नदीत एकट्या जीवासाठी डोंगा टाकायचा, तर त्या जीवाच्या आईनं पाण्याशी जाऊन पदर पसरायचा आणि नाव घेऊन, नातं सांगून, नदीकडे लेकरू मागायचं. मागितल्याशिवाय गंगा देत नाही, आणि आणायला गेलेल्यालाही ठेवून घेते. त्याचा बाप तसाच गेला होता.

"मायनं मांगावं," तो म्हणाला, "मंग मी जातो."

कौशल्याबाई उठली. तिनं क्षणाचाही उशीर केला नाही, पाण्यात उतरली, पदर पसरला, आणि माझी लेक कचरा मला दे म्हणाली. गोमाजी जागचा हलला नाही. त्यानं तिला नमस्कार केला, पण हलला नाही.

"बाई, गंगेले खोटं मांगू नाही," तो हळू म्हणाला.

आता सगळे रुखमाकडे बघत होते. धनीरामनं तिचं मनगट धरलं. सहा वर्षं जे तोंडातून काढलं नाही, ते आज, भर पुरात, मृत्यू उंबऱ्यात उभा असताना काढायचं? म्हणजे यमाला हाक मारून घर दाखवण्यासारखंच. नको म्हणू, असं तो कुजबुजला. तिलाही तेच वाटत होतं. तिला ती तिन्ही लेकरं आठवली, तिघांनाही ती आपली म्हणाली होती. कौतुकानं, मोठ्यानं, गावभर म्हणाली होती. आणि हीसुद्धा आपली म्हटली की जाईल, याबद्दल तिच्या मनात काडीची शंका नव्हती. पण न म्हटली तर डोंगा निघत नव्हता. तिकडे आणखी एक भिंत बसली.

रुखमानं हात सोडवून घेतला. ती पाण्यात गेली तेव्हा तिचे दात वाजत होते. तिनं पदर पसरला.

"माही आहे," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "गंगा माय, कचरा माही लेक आहे. माह्या पोटची. मी रुखमा, तिची माय. मले दे."

गोमाजीच्या बायकोनं दोर सोडला. कोतवाल आपणहून डोंग्यात बसला. आपण दोघींना विचारलं आणि दोघींचंही खरं मानलं, हे त्याला लागलं असावं. डोंगा छपरांच्या आड गेला. रुखमा तशीच पाण्यात उभी राहिली. भिंत बसल्याचा आवाज आला की तिला वाटे, हीच ती, आणि आपल्या शब्दानंच बसली. कोणीतरी तिला वर यायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. आपण मारलं, आपण मारलं, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

दिवेलागणीला डोंगा परतला. कोतवालाच्या मांडीवर पोर होती, चिखलानं माखलेली, डोळे टक्क उघडे. माळ्याखालची अर्धी भिंत गेली होती म्हणे, आणि ही उरलेल्या अर्ध्यावर. डोंगा टेकताच तिनं उडी टाकली आणि रुखमाच्या बाजूनं धावत जाऊन कौशल्याबाईच्या कमरेला मिठी मारली.

कौशल्याबाईनं तिला पोटाशी धरलं, मुका घेतला. मग तिचे हात हळूच सोडवले, तिला पाठमोरं वळवलं आणि रुखमाकडे ढकललं. पोरीला काही कळलं नाही. ती रुखमापुढे येऊन उभी राहिली. मावशी रागावली की काय, असं तिला वाटलं असावं, कारण रुखमाचं तोंड तसंच दिसत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "तू बसाले सांगतलं ना, तं मी हालली नाही. पाणी आलं तरी नाही हालली."

रुखमा चिखलात खाली बसली. तिनं पोरीचे पाय घट्ट धरले. भीती तिळभरही कमी झाली नव्हती.

"मावशी नोको म्हनू," ती शेवटी म्हणाली, सगळ्या पाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.