गोडी वाळू

"वाळूला सात पाणी लावतोय, नि अंगातल्या बनियनला आठ दिवसांत एक न्हाय लावलं!"

पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या सगुणाबाईंचा टोला अंगणातल्या धनेशला होता, पण ऐकू गेला चार वाड्यांना. चाळिशीचा मुलगा नळाखाली घमेलं घेऊन बसला होता. वाळू ढवळायची, गढूळ पाणी माडाच्या आळ्यात ओतायचं, पुन्हा नळ सोडायचा. पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी राखलेल्या पुढच्या खोलीत त्याने तीन हात लांब काचेची पेटी आणून ठेवली होती. तळाला ही वाळू, वर पाणी, मग मासे.

एरवी उलटून दोन शब्द टाकणारा धनेश आज मान खाली घालून ढवळत राहिला.

वाळू सगुणाबाईंनीच पसंत केलेली, म्हणून तर एवढा तोरा. पंधरवड्यामागे त्याने किनाऱ्यावरची वाळू वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतलं होतं. फसफसून फेस आला.

"शिंपल्यांचा चुरा हाय, आये. पाणी बिघडंल, मासे मरतील."

"बाटलीला काय विचारतोस? मला विचार."

वाडीमागे, समुद्राच्या आणि घराच्या मधोमध, मर्यादवेलीने झाकलेलं वाळूचं टेकाड होतं. वेल बाजूला सारून त्यांनी कोपरभर हात खुपसला, चिमूट काढून जिभेवर ठेवली आणि त्यालाही चाखायला लावली.

"गोडी हाय, मीठ उरलं न्हाय. किती पावसाळ्यांनी धुतली, मोज बघू."

त्या वाळूवर व्हिनेगर नुसतंच पसरलं. धनेशने आईकडे असं काही पाहिलं, की पुढचे दोन दिवस सगुणाबाई ताठ मानेने चालत होत्या.

"चाळण आण हिकडं. तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय." त्या उठल्या आणि कोपऱ्यातलं न धुतलेल्या वाळूचं पोतं त्यांनी चाळणीवर रिकामं केलं.

वाळू खाली गेली. वर मुळं राहिली, अंगठ्याएवढी जाड. एक त्यांनी मोडलं. पांढरा चीक बोटाला लागला.

वेलीची एवढी जाड मुळं कोपरभर खोलीला लागत नाहीत. त्यांच्यासाठी माणसाच्या उंचीएवढं खणावं लागतं.

सगुणाबाईंनी मूळ खाली ठेवलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की समुद्राचा आवाज कालपासून फार जवळून येतो आहे.

"आये, तिकडं नको जाऊस. ऊन हाय."

पोफळींतून वाट संपली तिथे त्या थांबल्या. टेकाड मधोमध कापलेलं होतं, खरवसाची वडी काढावी तसं. चाकांच्या खुणा पार ओल्या वाळूपर्यंत गेल्या होत्या. वादळाच्या वर्षी निम्म्या पोफळी मोडल्या, कौलं उडाली, पण पाणी उंबऱ्याला लागलं नव्हतं. ते या टेकाडाशी येऊन मागे फिरलं होतं. आता त्या खिंडारातून लाटा थेट दिसत होत्या. पायरीवर उभ्या असलेल्या पाहुण्यांसारख्या.

पंपाच्या खोलीबाहेर रिकाम्या पिशव्यांचा ढीग होता. दुसरी इयत्ताही पुरी न केलेल्या सगुणाबाईंनी वरच्या पिशवीवर बोट ठेवलं. स. गु. णा.

धनेश मागून येऊन उभा राहिला होता.

"मुंबईतली पाळायच्या माशांची दुकानं मागतायत. अशी वाळू कुठंच न्हाय म्हणतात. तूच दाखवलीस ना, म्हणून नाव पण तुझंच ठेवलं." त्याने घसा साफ केला. "भरून येईल, आये. समुद्रच वाळू आणून टाकतो."

"कधी?"

ज्येष्ठाची अमावस्या चार दिवसांवर होती. उधाणाचं पाणी कुठवर चढतं, हे या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही.

सगुणाबाईंनी पिशवीची घडी घातली, मग आणखी एक, तळहातात मावेपर्यंत. आवाज त्यांनी चढवला नाही. धनेशला तो ऐकायला पुढे वाकावं लागलं.

"तुझी बायको पोरांना घेऊन उद्याच माहेरी जाईल. पाहुण्यांना न्हाय म्हणून सांग. चाखणारी जीभ माझी, खणणारे हात तुझे, तवा आपण दोघं हितंच ऱ्हायचं. अमावस्येला पाणी दाराशी येईल, तवा दार तू उघडायचंस."