भुशाची ओंजळ

मित्रांनो, लाकडाच्या वखारीत करवतीमागच्या भिंतीवर एक पत्र्याची पेटी टांगलेली दिसते ना? अंगावर गंज, पोटावर पुसट लाल फुली? ती मी. प्रथमोपचाराची जुनी पेटी.

पत्राकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. माझ्या कडा दुमडताना तो पुटपुटायचा, "कुणाचं बोट कापू नकोस गं बाई, तुझं काम बरं करायचं."

वखारीत आले तेव्हा काय माझा थाट! पोटात कापूस, स्वच्छ जाळीच्या पट्ट्या, जखम धुवायची सलाईनची बाटली, मोडलेला हातपाय सरळ बांधायच्या कामट्या. पण कौतुक चार दिवसांचं. करवतीचा आवाज नको म्हणून कुणी कापूस कानात कोंबला, कुणी पट्टी कुऱ्हाडीच्या दांड्याला गुंडाळली. मुकादम चिडला. मला कुलूप लागलं, किल्ली त्याच्या कमरेला गेली आणि माझ्या डोक्यावर साखरेचा डबा येऊन बसला.

करवत चालवणारा एक भाऊ होता. त्याची ताई तिथेच फळ्या रचायची आणि ताईचा नवरा ओंडके उतरवायचा. भाऊ त्याला दाजी म्हणे, म्हणून सगळ्या वखारीचे ते दाजी. ताडमाड उंच. "दाजी, वर हवा कशी आहे?" असं कुणी चिडवलं की म्हणायचे, "खालच्यापेक्षा बरी!"

एका दुपारी ओंडका घसरला. दाजींची नडगी मोडली आणि हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं.

वखारीची एक जुनी रीत होती. रक्त आलं की ताज्या भुशाची मूठ दाबायची. बोटाच्या ओरखड्याला ती खपून गेली होती, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा भरवसा. भावाने ओंजळभर भुसा आणला आणि दाजींच्या जखमेत भरला.

"थांबेल हं दाजी, आत्ता थांबेल," म्हणत तो भुसा दाबत राहिला.

मी आतल्या आत आक्रोश करत होते. अरे नको रे, हाड उघडं आहे! माझ्याकडे स्वच्छ पट्टी आहे, तिने जखम झाक आणि ने त्यांना! पण देवाने मला पोट दिलं, तोंड दिलं नाही.

"किल्ली कुठंय?" ताई किंचाळली. मुकादम जेवायला गेला होता. टेम्पोवाला म्हणाला, "गाडी भरलीये, खाली झाली की निघू. रक्त तर थांबलंय की, वहिनी."

हेच, मित्रांनो, हेच! रक्त थांबलं म्हणून सगळे थांबले. जखमेत शिरलेली घाण मात्र थांबली नव्हती. तिला कुठे जेवायला जायचं होतं?

अखेर फळ्या उतरल्या. पाय उंच राहावा म्हणून ताईने मला भिंतीवरून ओढून काढलं आणि दाजींच्या पोटरीखाली सारलं. माझ्या झाकणावर तो पाय, आणि झाकणाखाली त्याच्यासाठीच ठेवलेल्या पट्ट्या, कोऱ्याच्या कोऱ्या. टेम्पोचा प्रत्येक धक्का मी सोसला. दुसरं काय करणार होते?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भुसा पाहिला. मग झटपट इंजेक्शनं दिली, जखम धुण्यासाठी दाजींना आत नेलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हाड उघडं पडलं की वेळ घालवायचा नसतो. औषध जितक्या लवकर, तितकं बरं. आत काही घालायचं नाही, हाड ढकलायचं नाही. स्वच्छ पट्टीने झाकायचं, पाय बांधायचा आणि तडक आणायचं."

"मी रक्त थांबवलं हो," भाऊ म्हणाला. ते ऐकवत नव्हतं.

जखम पुन्हा पुन्हा धुतली. दर वेळी लाकडाचा एखादा कण निघायचा. मग ताप आला, पू आला. ताई मला मांडीवर घेऊन दाराबाहेर देवाला विनवत बसायची. एके दिवशी दार उघडलं, आणि गुडघ्याखालचा पाय काढावा लागला होता.

शुद्धीवर आल्यावर दाजींनी रडणाऱ्या मेहुण्याला जवळ ओढलं. "गप रे. वरची हवा अजून तशीच बरी आहे."

भाऊ गप्प झाला नाही.

वखारीत परतल्यावर सगळ्यात आधी त्याने माझं कुलूप फोडलं. आता करवत सुरू करण्याआधी तो रोज नेमाने मला उघडतो, पट्ट्या बघतो, झाकण नुसतं लोटून ठेवतो. परवा नव्या कामगाराचं बोट कापलं, हात भुशाकडे गेला, तर भावाने त्याचं मनगट असं धरलं की तो गडी घाबरला.

मित्रांनो, मला सजवू नका, पुजू नका. फक्त उघडी ठेवा, आणि मोडलेल्या हाडाला वाट पाहायला लावू नका.

दाजी आता बसून करवतीचे दात कानशीने घासतात. त्यांची कुबडी माझ्याखाली टेकलेली असते. दिवसभर भुसा उडतो, तिच्यावर बसतो. संध्याकाळी भाऊ येतो आणि फडक्याने ती पुसतो, कण न् कण.