उपाशी चिलापी

मंगळवारपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. खजुरांना पाणी द्यायच्या हौदात मी वर्षभर चिलापी मासळी वाढवली होती, ती गुरुवारी तेलविहिरींवरच्या खानावळीला जिवंत विकायची होती. तिथे आजवर समुद्रापलीकडून आलेला गोठवलेला मासाच शिजायचा. वाळवंटातलं आमचं अख्खं वार्गला गाव मला हसलं होतं, "वाळूत मासे पिकवतेय म्हणे!" खेप फसली असती तर त्यांचंच खरं ठरलं असतं.

प्रवासाआधी माशांना दोन दिवस उपाशी ठेवावं लागतं. पोटं भरलेली असली की पिंपातलं पाणी घाण होतं आणि मासे वाटेतच मरतात. मी त्यांचं खाणं बंद केलं, तरी जिवाला चैन नव्हती. सारखी हौदाकडे धावत होते.

गुरुवारी मासे न्यायला गाडीवाला मबरूक आला. हौदात वाकून बघतो तर काय, पाण्यावर आमच्या जेवणातल्या कुसकुसचे, शिजवलेल्या रव्याचे दाणे तरंगताहेत!

"वहिनी, हे मासे आहेत की पाहुणे?" तो म्हणाला. "मी नाही नेत. वाटेत मेले तर खानावळवाला मलाच तळेल. शनिवारी येतो. तेव्हाही हेच असेल तर आपला गोठवलेलाच बरा."

मी तडक सासूबाईंसमोर उभी राहिले. "लल्ला, माशांना तुम्ही खायला घातलंत?"

"घातलं! लपवू कशाला?" त्या कडाडल्या. "माझ्या दारात मुका जीव उपाशी? लहानपणी दुष्काळात मी टोळ भाजून खाल्लेत, बये. भूक काय असते ते तुला नाही कळायचं."

"अहो, ही खेप मेली तर आपला मासा परत कुणी घेणार नाही! सगळं मुसळ केरात!" माझा आवाज चिरकला.

त्या म्हणाल्या, "ठेव उपाशी. पण तोवर माझंही ताट वाढू नकोस."

मी विनवण्या केल्या, चिडले, रडलेसुद्धा. त्या नुसत्या पाण्यावर राहिल्या. हौदातही भूक, घरातही भूक. मी दोन्हींच्या मध्ये येरझाऱ्या घालत होते आणि माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

शनिवारी मबरूक मासे घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. एकही मेला नव्हता, खानावळवाल्याला पुढच्या महिन्यात दुप्पट हवे होते. मी धावतच लल्लांपुढे कुसकुस नेऊन ठेवलं.

"खानावळीतली माणसं पोटभर जेवली?" त्यांनी विचारलं.

"जेवली, लल्ला."

पहिला घास सावकाश गिळून त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेपासून आधी सांगत जा गं. मला उपाशी राहायची सवय आहे."