आखाजीची रजा

उषाबाईंच्या माहेरगावाला कारखाना हवा होता, आणि तो मिळवायला गावचे सरपंच पोपटभाऊ चार माणसं घेऊन सुरतेत उतरले होते. वडझिरे गाव धड खेडं नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. बाजारपेठ होती, कॉलेज होतं, दोन बँका होत्या, चौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलकसुद्धा होते. नव्हता तो फक्त कामधंदा. त्यामुळे मिसरूड फुटलं की पोरगं भुसावळ-सुरत गाडीत बसायचं आणि लग्न झालं की त्याची बायको मागोमाग यायची. सुरतेत लिंबायतला उषाबाईंच्या गल्लीत वडझिऱ्याची इतकी घरं होती की ग्रामसभा इथंच घेतली तर लवकर भरेल, असं त्यांचे यजमान हिलालभाऊ म्हणायचे. यंत्रमागावर आयुष्य गेलेला माणूस. खडखडाटाच्या वर आवाज काढायची सवय जडलेली. ते घरात बोलले की गल्लीच्या टोकाला कळायचं.

पोपटभाऊ उषाबाईंचे चुलतभाऊ, वयानं दोन-चार वर्षांनी धाकटे. त्यांच्या कानावर आलं होतं, की उषाबाई ज्यांच्याकडे कामाला आहेत ते जयंतीभाई शेठ दुसरं खातं काढणार आहेत. खातं म्हणजे सुरतेच्या भाषेत कारखान्याचा धाकटा भाऊ. शेठच्या खात्यात साड्यांना लेस लावायचं काम चाले. मशिनवर सगळ्या बाया, आणि त्या सगळ्यांवर उषाबाई. सुरतेत जागा महाग झाली होती, कारीगर टिकत नव्हते, म्हणून शेठची नजर बाहेर वळली होती. पोपटभाऊंनी ही संधी बरोबर हेरली. बाकी काही म्हणा, गावासाठी धावणारा माणूस होता. फक्त धावताना कोण पायाखाली आलं ते बघायची सवय नव्हती.

शेठचं ऑफिस खात्याच्या वरच्या मजल्यावर. उषाबाईही वर आल्या होत्या. पोपटभाऊंनी भेट म्हणून भरताच्या वांग्यांची गोणी आणली होती. शेठ जैन, त्यांच्या घरात वांगं शिरत नाही, हे उषाबाईंनी फोनवर बजावून सांगितलं होतं. पण खान्देशातला माणूस पाहुण्याला वांगी देणार नाही तर काय देणार! शेठनं गोणीकडे पाहून लांबूनच हात जोडले आणि ती जिन्यात ठेवायला सांगितली.

मग पोपटभाऊ सुरू झाले. बंद पडलेल्या जिनिंगची शेड आहे, ग्रामपंचायत देईल. पाण्याची लाइन ओढून देऊ. रस्ता गेल्या वर्षीच डांबरी केलाय. शेठनं सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला.

"ए बधुं बराबर. पण आखाजीनुं शुं?"

सुरतेतल्या कुठल्याही शेठला आखाजी माहीत असते, आणि ती आठवली की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. अक्षय तृतीया दरवर्षी ऐन लगनसराईत येते. साड्यांचा माल हातोहात जायचे दिवस, आणि नेमक्या त्याच वेळी खान्देशची बाई मशिनवर कापड टाकून माहेरी निघते. झाडाला झोका बांधते, गौराईची गाणी म्हणते, आमरस-सांजोऱ्या खाते, आठ दिवस कुणाची सून नसते. बापे त्या दिवसांत राजरोस पत्ते कुटतात आणि त्याला परंपरा म्हणतात. सुरतेतली कितीतरी खाती तेव्हा ओस पडतात. शेठनं मागे एकदा दुप्पट मजुरी देऊ केली होती. एकही बाई थांबली नव्हती.

पोपटभाऊंचा चेहरा उजळला. ह्याच प्रश्नाची ते वाट बघत असावेत.

"शेठजी, तीच तर गंमत आहे! आज बाया सुरतेत आहेत म्हणून गावाला जातात. खातंच गावात आलं तर जातील कुठे? गावातच असतील की! आखाजीलासुद्धा खातं चालू. हा सरपंचाचा शब्द."

शेठ हसले. बरोबर आलेली चार माणसं हसली. एवढी सोपी गोष्ट आजवर आपल्याला कशी सुचली नाही, असं शेठच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते उषाबाईंकडे वळले आणि म्हणाले, की तिकडचं खातं तुम्हीच सांभाळायचं. किल्ली तुमच्या हातात. घर भाड्याचं बघावं लागलं तर तेही मी बघतो. फक्त तुमचा शब्द हवा, कारण बाया सरपंचाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.

सतराव्या वर्षी लग्न होऊन उषाबाई सुरतेत आल्या त्याला तीस वर्षं झाली होती. दर आखाजीला माहेरी जायच्या, म्हणजे आपलं गाव त्यांनी तीस वर्षं फक्त उन्हाळ्यात पाहिलं होतं. पावसात नदी कशी दिसते ते विसरायला झालं होतं. बाजरीची कणसं, थंडीतल्या शेकोट्या, पोळ्याचे बैल, हे सगळं लहानपणीचं. लेक लग्न होऊन नाशिकला गेली, हिलालभाऊंचे माग सुटले, आता सुरतेत अडकवून ठेवणारं काही उरलं नव्हतं. रोज निजताना त्या मनातल्या मनात वडझिऱ्यात एक घर मांडत आणि सकाळी मोडून कामाला जात. आज कुणीतरी ते घर हातात देत होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

त्या म्हणणारही होत्या. तोंड उघडलं आणि खालच्या मजल्यावर मशिनवर बसलेली सुमन डोळ्यांपुढे आली. सुमनचं सासर वडझिरे. माहेर मात्र तापीपलीकडचं एक खेडं.

"पोपटभाऊ," उषाबाई म्हणाल्या, "वहिनीनं माहेर कोनतं?"

"शहाद्याकडलं. तुले माहीत नही का?" पोपटभाऊ गोंधळले.

"मंग आखाजीले वहिनी कोठे ऱ्हास?"

"माहेरलेच ऱ्हास, अजून कोठे ऱ्हाई?" बोलून गेले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कपात बघितलं. चहा केव्हाच संपला होता.

उषाबाईंनी शेठना समजेल असं हिंदी-गुजराती मिसळून सांगितलं. गावातल्या खात्यात काम करणार कोण, तर गावच्या सुना. गाव त्यांच्या नवऱ्याचं. त्यांचं माहेर दुसरीकडे, कुणाचं दहा कोसांवर, कुणाचं तीस. आखाजीला बाई गावाला जात नाही, माहेरी जाते. पुरुषाला ते एकच वाटतं, कारण त्याला माहेर सोडावं लागत नाही. सरपंचांनी जो शब्द दिला तो त्यांच्या खिशातला नव्हता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, तसला हा प्रकार.

शेठ मवाळपणे म्हणाले, "पण उषाबेन, तमारुं पियर तो ए ज ने? तुम्ही तर माहेरातच राहणार. तुमचं काय जातंय?"

हा प्रश्न खरा होता, आणि म्हणूनच उषाबाईंना राग आला. इतका राग त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता. आपलं काही जात नाही म्हणून दुसरीचं देऊन टाकायचं! स्वतः माहेरच्या उंबऱ्यावर बसायचं आणि बाकीच्यांच्या वाटेला कुलूप घालायचं, आणि किल्लीही आपल्याच कमरेला.

"माझं काही जात नाही शेठ," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मला तो शब्द देता येत नाही. आखाजीला खातं बंद राहणार असेल तर मी उद्या निघते. चालू राहणार असेल तर मी जात नाही, आणि एका बाईला पण सांगणार नाही."

"तो पछी खातंच जाणार नाही," शेठ म्हणाले. "इथं जवळच कामरेजला गाळा बघून ठेवलाय मी. विचार करा."

"केला," उषाबाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या. वांग्यांची गोणी वाटेत होती, ती त्यांनी पायानं बाजूला सारली.

संध्याकाळपर्यंत लिंबायतच्या गल्लीत बातमी पसरली, आणि पसरताना तिला पाय फुटले. उषाबाईनं गावाचा कारखाना घालवला. गावाच्या तोंडचा घास काढला. बायकांच्या झोक्यापायी पोरांच्या नोकऱ्या गेल्या. हे बोलणाऱ्यांपैकी एकानंही आजवर आखाजीचा पत्त्यांचा डाव चुकवला नव्हता. पोपटभाऊ निघताना घरात आले, उभ्यानंच पाणी प्यायले आणि म्हणाले, "उषाताई, आते गावले काय सांगू मी?"

"जे झायं ते सांग," उषाबाई म्हणाल्या. "अन वहिनीले पहिले सांग."

ते गेल्यावर हिलालभाऊ खाटेवर बसले आणि त्यांच्या परीनं हळू आवाजात, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "तुनी चूक नही. पन गाव गयं ना हातनं."

उषाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, कारण डोळे भरून आले होते आणि ते हिलालभाऊंना दिसू द्यायचे नव्हते. गाव गेलं होतं, हे खरंच होतं.

पंधरवड्यानं पोपटभाऊंच्या बायकोचा, शांताबाईंचा फोन आला. नणंदेशी ही बाई कधी दोन वाक्यांवर बोलत नसे. "ताई, तुम्ही शेठले नही म्हनात, लई बरं करं," त्या म्हणाल्या. "तुमना भाऊनी मनी आखाजी दी टाकी, अन माले इचारं बी नही."

मग पुढचं सांगितलं. पोपटभाऊंनी हार मानली नव्हती. त्यांनी शेठच्या माणसाला परस्पर गावात बोलावलं आणि दवंडी पिटली, की खात्यात काम पाहिजे त्या बायांनी ग्रामपंचायतीत नावं सांगायला यावं. बाया आल्या. पटांगण भरलं. त्यांच्या पुढे शांताबाई होत्या. त्यांनी विचारलं, आखाजीला रजा आहे का? शेठचा माणूस म्हणाला, नाही. शांताबाई वळल्या आणि घरी गेल्या. त्यांच्या मागोमाग पटांगण रिकामं झालं. सरपंच आणि शेठचा माणूस समोरासमोर बसून राहिले.

"घरमा काय झायं मंग?" उषाबाईंनी विचारलं.

"काय व्हई? दोन दिन जेवनात नही. तिसरा दिन जेवनात."

इकडे कामरेजचंही फिसकटलं. शेठनं तिथं गाळा घेतला, कारीगर बघायला सुरुवात केली, तर आलेल्या बायांपैकी निम्म्याहून जास्त खान्देशच्या निघाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पगाराच्या आधी आखाजीचं विचारलं. शेठनं कपाळावर हात मारून घेतला, असं ऑफिसात चहा नेणारा सांगत होता.

होळी झाल्यावर पोपटभाऊ पुन्हा सुरतेला आले. या वेळी एकटेच. शेठच्या ऑफिसातून उतरून ते थेट उषाबाईंच्या घरी आले. सुमन तिथंच बसली होती. पोपटभाऊंना आनंद लपवता येत नव्हता आणि दाखवताही येत नव्हता.

खातं वडझिऱ्याला येणार होतं. आखाजीला चार दिवस बंद राहणार, शेठनं कबूल केलं होतं. गल्लीतली माणसं दारात गोळा झाली, हिलालभाऊंनी एवढ्यानं "हाओ!" म्हटलं की कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं.

"अन उषाताई?" सुमननं विचारलं.

पोपटभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. शेठ म्हणाले होते, की आखाजी दिली. पण जी बाई चार माणसांत मला नाही म्हणते, तिच्या हातात मी किल्ली देणार नाही. तिकडे सुमनला पाठवा. उषाबेन इथंच राहतील.

सुमन रडायला लागली, मी जाणार नाही म्हणाली, तुमच्या जागेवर मी कशी बसू म्हणाली. उषाबाईंनी तिचा हात धरला. "येडी का तू? तू नही गयी तं शेठ त्याना मानूस बसाडी तठे. मंग देखी लेजो तुनी रजा. जाय."

पोपटभाऊ खाली मान घालून बसले होते. "ताई," ते म्हणाले, "तू तधळ गप ऱ्हाती, तं आज गावमा ऱ्हाती."

"गप ऱ्हाईसन उनती," उषाबाई म्हणाल्या, "तं गावन्या सुनास्ले कोनतं तोंड दखाडती मी?"

दुःख झालं नाही असं नाही. फार झालं. पण त्या दुःखात लाजेचा अंशही नव्हता, आणि असं दुःख माणसाला वाकवत नाही, हे त्यांना त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावर येताच त्या जिना चढून शेठच्या ऑफिसात गेल्या. शेठ कुठल्याशा पार्टीशी फोनवर बोलत होते. बोलणं संपेपर्यंत उषाबाई समोर उभ्या राहिल्या. शेठना वाटलं, बाई विनवणी करायला आली. त्यांनी खुर्ची दाखवली. उषाबाई बसल्या नाहीत.

"वडझिऱ्याला चार दिवस ठरलेत ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिथून माहेर जवळ. इथून लांब पडतं. इथल्या बाया आखाजीला आठ दिवस जातील. मी पण."

"एटले रजा मागवा आव्यां छो?" शेठनं विचारलं.

"मागायला नाही शेठ, सांगायला आले," उषाबाई म्हणाल्या, आणि खाली जाऊन मशिनवर बसल्या.